प्रोसेसर एकच, यंत्रं निराळी : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात ऐंशीच्या दशकातल्या घरगुती कॉम्प्युटरांवर लिहिताना मी एक वाक्य लिहून पुढे गेले होते : या यंत्रांचा स्वभाव प्रोसेसरमध्ये नव्हता, त्याच्या शेजारच्या चिपमध्ये होता. त्या वाक्यावरच सगळ्यात जास्त पत्रं आली. माझी नोकरी लॉजिक सर्किटं मांडण्यात गेली आणि निवृत्तीनंतर जुनी यंत्रं उघडून चालती करणं हेच माझं रोजचं काम आहे, त्यामुळे हा विषय मला मनापासून प्रिय आहे. या वेळचं सगळं सदर त्यालाच देते.

प्रश्न : झेडएक्स ८० आणि झेडएक्स ८१ या दोन्ही यंत्रांच्या बोर्डांचे फोटो शेजारी ठेवून पाहिले. दोन्हींत झेड ८० हाच प्रोसेसर आहे. पण एकात चिपांची गर्दी आणि दुसऱ्यात जेमतेम चार. काम तर तेच, किंबहुना थोडं जास्तच. मग बाकीच्या चिपा गेल्या कुठे?

उत्तर : त्या सगळ्या एका चाळीस पायांच्या चिपेच्या पोटात गेल्या. झेडएक्स ८० हे सिंक्लेअर कंपनीचं १९८० चं यंत्र बाजारात सुट्या मिळणाऱ्या साध्या लॉजिक चिपा जोडून केलेलं होतं. कुठे चार गेट, कुठे काउंटर, कुठे शिफ्ट रजिस्टर. मार्च १९८१ मध्ये झेडएक्स ८१ आलं तेव्हा कंपनीने जाहिरातीतच अभिमानाने छापलं होतं की खास बनवून घेतलेली एक चिप आधीच्या अठरा चिपांचं काम करते. उरले प्रोसेसर, रॉम (कायमची मेमरी), एक किलोबाइट रॅम (लिहिता-पुसता येणारी मेमरी) आणि ही चिप. काही बोर्डांवर रॅम दोन चिपांत वाटलेली असते, तेव्हा तुम्ही पाच मोजल्या तरी बरोबरच.

ही चिप ब्रिटनमधल्या फेरांती कंपनीची होती. प्रकाराचं नाव अनकमिटेड लॉजिक ॲरे, सगळे यूएलए म्हणतात. तिची करामत बनवण्याच्या पद्धतीत आहे. एखादी चिप मुळापासून स्वतःसाठी बनवून घ्यायची तर सिलिकॉनवरच्या प्रत्येक थराचा मास्क, म्हणजे नक्षी उमटवण्याचा साचा, वेगळा काढावा लागतो. त्याला वेळ लागतो, पैसा लागतो आणि लाखांनी नग घेण्याची तयारी लागते. फेरांती वेफर, म्हणजे ज्यातून चिपा कापतात त्या सिलिकॉनच्या चकत्या, आधीच बनवून ठेवायची. ट्रान्झिस्टर आणि रेझिस्टर जागच्या जागी, पण एकमेकांशी न जोडलेले. ग्राहकाने फक्त वरचा धातूचा थर ठरवायचा, म्हणजे कुठला बिंदू कुठल्या बिंदूला जोडायचा तेवढंच. ठिपके सगळ्यांना तेच, रेघा ज्याच्या त्याच्या. एका शेवटच्या मास्कवर काम भागायचं, म्हणून छोट्या कंपनीलाही स्वतःची चिप परवडायची.

याचा परिणाम किमतीत लगेच दिसला. झेडएक्स ८० तयार यंत्र ९९.९५ पौंडांना होतं. झेडएक्स ८१ तयार ६९.९५ पौंडांना आणि स्वतः जोडायचा संच ४९.९५ पौंडांना. यातली बचत केवळ अठरा चिपांच्या किमतीची नाही, हे लोक विसरतात. चिप कमी म्हणजे बोर्ड लहान, सोल्डरचे सांधे कमी, तपासणीत सापडणारे दोष कमी. मी जेव्हा एखादा बोर्ड हातात घेते तेव्हा आधी सांधे मोजते, कारण यंत्र बिघडतं ते बहुतेक वेळा सांध्यापाशी.

पण मला झेडएक्स ८१ ची यूएलए आवडते ती वेगळ्याच कारणासाठी : तिच्यात काय घातलं यापेक्षा काय घातलं नाही यासाठी. टीव्हीवर चित्र काढायला खरं तर एक वेगळं सर्किट लागतं, जे रॅममधून एकेक अक्षर वाचून आणतं. इथे ते सर्किट नाहीच. ते काम प्रोसेसरलाच लावलंय, आणि तेही त्याला फसवून. पडद्यावरच्या मजकुराची जी जागा मेमरीत आहे, तिथे प्रोसेसर जणू प्रोग्राम चालवायला जातो. त्याने एकेक बाइट सूचना म्हणून मागायचा. यूएलए तो बाइट मध्येच उचलते, त्यात कुठलं अक्षर आहे ते स्वतःपाशी ठेवते आणि प्रोसेसरच्या हातात शून्य देते. झेड ८० ला शून्य म्हणजे 'काही करू नकोस' अशी सूचना. तो बिचारा इमानाने पुढच्या पत्त्यावर जातो. मधल्या क्षणात, मेमरी ताजी ठेवण्यासाठी झेड ८० जो पत्ता बाहेर टाकतो, त्याचा एक भाग वापरून रॉममधून त्या अक्षराची आकृती वाचली जाते आणि आठ ठिपके टीव्हीकडे जातात. ओळ संपली की तिथे थांबण्याची सूचना लिहिलेली असते, ती मात्र यूएलए आडवत नाही, आणि प्रोसेसर खरोखर थांबतो.

ही युक्ती झेडएक्स ८० मध्येही होती, फक्त सुट्या चिपांत. म्हणूनच ते यंत्र आकडेमोड करू लागलं की पडदा कोरा व्हायचा, कारण चित्र काढणारा आणि हिशेब करणारा एकच. झेडएक्स ८१ च्या यूएलएमध्ये वेळ मोजून प्रोसेसरला हाक मारणारं थोडं लॉजिक वाढवलं, त्यामुळे प्रोग्राम चालू असतानाही चित्र टिकू लागलं. किंमत अशी की प्रोसेसरला प्रोग्रामसाठी वेळ मिळतो तो चित्राच्या वरच्या आणि खालच्या रिकाम्या पट्ट्यांत, म्हणजे साधारण पाव वेळ. घाई असेल तर फास्ट अशी आज्ञा देऊन पडदा बंद करायचा आणि पूर्ण वेग घ्यायचा. अठरा चिपा एका चिपेत बसवणं हे मेहनतीचं काम आहे. उरलेलं काम प्रोसेसरच्या गळ्यात घालणं, हे प्रतिभेचं.

प्रश्न : मॅडम, मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. इम्युलेटरवर (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर) झेडएक्स स्पेक्ट्रमचे जुने प्रोग्राम चालवते. दोन गोष्टींचा उलगडा होत नाही. एक, टेपवरून चित्र येताना ते वरून खाली सरळ न येता पट्ट्यापट्ट्यांनी, उड्या मारत का भरतं? दोन, तोच लूप (पुन्हा पुन्हा चालणारा सूचनांचा गट) मेमरीच्या एका भागात हळू आणि दुसऱ्या भागात वेगाने का चालतो?

उत्तर : तुझे दोन्ही प्रश्न खरं तर एकच आहेत, आणि दोघांचं उत्तर यूएलएच्या घड्याळात आहे. मन लावून वाच, कागद-पेन्सिल घेऊन बैस.

स्पेक्ट्रम २३ एप्रिल १९८२ ला जाहीर झालं. हार्डवेअर रिचर्ड ऑल्टवॉसर यांचं. इथे चित्र काढण्यासाठी प्रोसेसरला राबवलेलं नाही. यूएलए स्वतः रॅममधून वाचते. पडदा २५६ बाय १९२ ठिपक्यांचा. ठिपका लागला की नाही एवढंच सांगायला ६१४४ बाइट. रंगांसाठी वेगळे ७६८ बाइट, आठ बाय आठ ठिपक्यांच्या प्रत्येक चौकोनाला एक. म्हणून एका चौकोनात दोनच रंग येतात आणि खेळातला माणूस झाडासमोरून गेला की त्याचा रंग झाडाला लागतो. लोक याला दोष म्हणतात. हिशेब करून बघ : प्रत्येक ठिपक्याला आठांपैकी एक रंग द्यायचा तर तीन बिट लागतील. ४९१५२ ठिपके गुणिले तीन, भागिले आठ, म्हणजे १८४३२ बाइट. सगळ्यात स्वस्त स्पेक्ट्रममध्ये रॅमच मुळी १६३८४ बाइट होती. चित्रच यंत्रात मावलं नसतं, प्रोग्राम तर दूरच. चौकोनांची योजना करून सगळं ६९१२ बाइटमध्ये बसवलं. मी याला दोष म्हणायला तयार नाही.

आता उड्यांबद्दल. त्या काळच्या डायनॅमिक रॅमला पत्ता दोन तुकड्यांत द्यावा लागतो, आधी आडवी ओळ आणि मग उभा स्तंभ. ओळ तीच ठेवून फक्त स्तंभ बदलला तर दुसरा बाइट पटकन मिळतो. यूएलएला पडद्यावरच्या प्रत्येक आठ ठिपक्यांसाठी दोन बाइट लागतात, एक आकृतीचा आणि एक रंगाचा. हे दोन्ही बाइट रॅमच्या एकाच ओळीत असले तर वेळ वाचतो. म्हणून पत्ते असे रचले की आकृतीच्या आणि रंगाच्या पत्त्याचे खालचे आठ बिट तेच राहतील.

ते आठ बिट कुठले ते लिहून काढ. सगळ्यात खालचे पाच म्हणजे आडवा स्तंभ, शून्य ते एकतीस. वरचे तीन म्हणजे अक्षरांची कितवी ओळ. आकृतीच्या पत्त्यात त्यांच्या वर तीन बिट येतात ते अक्षराच्या आतल्या ठिपक्यांच्या रेघेचे, आणि त्याच्याही वर दोन बिट पडद्याचा कुठला तिसरा हिस्सा ते सांगणारे. टेपवरून बाइट येतात ते पत्त्याच्या चढत्या क्रमाने. पहिले बत्तीस बाइट सगळ्यात वरची रेघ भरतात. पुढचे बत्तीस लगेच खालच्या रेघेवर जात नाहीत, आठ रेघा सोडून पुढच्या अक्षरओळीच्या माथ्यावर जातात. असे २५६ बाइट झाले की परत वर येऊन दुसरी रेघ. वरचा तिसरा हिस्सा भरला की मधला, मग खालचा. तुला दिसणारी ती उडी म्हणजे रॅमच्या पायांशी जोडलेल्या तारांचा क्रम आहे. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना हा क्रम अडचणीचा होता यात शंका नाही, पण प्रत्येक जोडीमागे वाचलेला तो वेळ प्रोसेसरच्या वाट्याला आला.

आणि तरीही तो वेळ पुरत नव्हता. हा तुझा दुसरा प्रश्न. यूएलए आणि प्रोसेसर दोघांनाही खालची सोळा किलोबाइट रॅम हवी असते, पत्ता १६३८४ ते ३२७६७. टीव्ही थांबत नाही, म्हणून यूएलएला थांबता येत नाही. मग थांबणार कोण? प्रोसेसर. यूएलए त्याला विनंती वगैरे करत नाही, त्याचं घड्याळच, म्हणजे ज्या ठोक्यांवर तो चालतो तेच, रोखून धरते. प्रोसेसरला कळतही नाही की मध्ये वेळ गेला. ३.५ मेगाहर्ट्झच्या घड्याळाचे आठ ठोके म्हणजे पडद्यावरचे सोळा ठिपके. त्या आठ ठोक्यांच्या फेऱ्यात यूएलए चार बाइट वाचते. त्या फेऱ्यात प्रोसेसर नेमका कधी दार ठोठावतो त्यानुसार त्याला सहा, पाच, चार, तीन, दोन, एक ठोके थांबावं लागतं, किंवा अजिबात नाही. ही रोखाठोक फक्त चित्राच्या १९२ रेघांत होते, आणि रेघेच्या २२४ ठोक्यांपैकी चित्राच्या १२८ ठोक्यांत. चित्राभोवतीची किनार काढताना सगळं मोकळं.

अठ्ठेचाळीस किलोबाइटच्या यंत्रात वरची बत्तीस किलोबाइट रॅम वेगळ्या चिपांत आहे आणि यूएलए तिच्याकडे बघतही नाही. म्हणून तुझा लूप तिथे पूर्ण वेगाने पळतो. जाणते प्रोग्रामर वेळेला नाजूक असा भाग ३२७६८ च्या वरच ठेवायचे. टेप वाचणारा मूळ प्रोग्राम रॉममध्ये आहे, त्याच्या सूचना वाचतानाही ही आडकाठी येत नाही. तुझ्या इम्युलेटरमध्ये ही रोखाठोक बंद करायची सोय असेल तर बंद करून तोच लूप चालव आणि फरक मोज. सोव्हिएत संघात लोकांनी यूएलए नसताना साध्या लॉजिक चिपा जोडून स्पेक्ट्रमच्या प्रती बनवल्या. त्यांतल्या पेंटागॉन नावाच्या यंत्रात ही रोखाठोक नाही, आणि एका चित्राला ६९८८८ ऐवजी ७१६८० ठोके लागतात. किनारीवर रंगांचे पट्टे काढणारे प्रोग्राम तिथे वेगळे दिसतात ते त्यामुळे. प्रोसेसर कुळीने तोच, पण घड्याळाची शिस्त लावणारं लॉजिक वेगळं.

प्रश्न : ॲपल २ मध्येही अशी खास चिप होती का?

उत्तर : १९७७ च्या मूळ यंत्रात नव्हती. स्टीव्ह वॉझ्निअ‍ॅक यांनी ते बाजारातल्या साध्या चिपांवर उभं केलं, आणि मोजक्या चिपांत इतकं काही करवून घेतलं की त्याचा नकाशा आजही शिकण्यासारखा आहे. १९८३ च्या ॲपल २ ई मध्ये मात्र दोन खास चिपा आल्या, एक मेमरी सांभाळणारी आणि एक इनपुट-आउटपुट व चित्राची. बोर्ड एकदम मोकळा झाला. झाकण उघडल्यावर दोन पिढ्यांमधला हा फरक डोळ्यांना लगेच जाणवतो.

प्रश्न : कमोडोर ६४ चा प्रोसेसर जेमतेम एक मेगाहर्ट्झचा. तरी त्याचे खेळ आणि विशेषतः त्याचं संगीत इतरांपेक्षा पुढे कसं? लोक म्हणतात कंपनी मोठी होती म्हणून. तुमचं मत काय?

उत्तर : मोठेपणापेक्षा महत्त्वाचं म्हणजे, तिच्याकडे स्वतःचा चिप बनवण्याचा कारखाना होता. ६५०२ हा प्रोसेसर ज्या मॉस टेक्नॉलॉजीने काढला ती कंपनी कमोडोरने १९७६ मध्येच विकत घेतली होती. त्यामुळे तिथल्या अभियंत्यांना तयार ठिपक्यांवर रेघा ओढायच्या नव्हत्या. पहिल्या थरापासून स्वतःची चिप काढायची मुभा होती, आणि चुकली तर पुन्हा काढायचीही. १९८२ च्या कमोडोर ६४ मधल्या दोन चिपा या मोकळेपणाच्या आहेत : चित्रासाठी व्हिक-टू आणि आवाजासाठी सिड.

व्हिक-टूने रॅमचा प्रश्न कसा सोडवला ते स्पेक्ट्रमशी ताडून पाहा. ६५०२ घराण्याचा प्रोसेसर घड्याळाच्या अर्ध्या भागातच रॅमला हात लावतो. उरलेला अर्धा भाग व्हिक-टू घेते. दोघं आळीपाळीने, एकमेकांच्या पायात न येता. फक्त दर आठव्या रेघेला तिला अक्षरांची नवी ओळ वाचायची असते, तेव्हा तेवढा वेळ पुरत नाही आणि ती प्रोसेसरला चाळीसेक ठोके बाजूला बसवते. प्रोग्रामर या रेघांना बॅड लाइन म्हणतात.

शिवाय तिच्यात स्प्राइट आहेत. आठ आकृत्या, प्रत्येक २४ बाय २१ ठिपक्यांची, ज्या मागच्या चित्राला धक्का न लावता हलतात. प्रोसेसरने फक्त 'इथे जा' एवढा आकडा लिहायचा. स्पेक्ट्रमवर हीच आकृती हलवायला प्रोसेसरला मागचं चित्र जपून ठेवा, नवं काढा, जुनं परत लावा, असं सगळं हाताने करावं लागतं. एक मेगाहर्ट्झचं गूढ एवढंच आहे : ज्या कामाला वेग लागतो ते त्याच्याकडे नव्हतंच. त्यात भर म्हणजे, पडद्याची अमुक रेघ आली की हाक मार, असं व्हिक-टूला सांगता येतं. त्या हाकेवर वर वापरून झालेले स्प्राइट खाली पुन्हा वापरायचे, म्हणजे आठाचे कितीतरी दिसायचे. पुढे लोकांनी चित्राची उंची बरोबर क्षणी बदलून चिपेला किनार काढायचंच विसरायला लावलं आणि किनारीतही चित्रं आणली. चिप बनवणाऱ्यांच्या मनात नसलेलं हे काम वापरणाऱ्यांनी तिच्याकडून काढून घेतलं.

सिडबद्दल मी थोडी भावुक होते, होऊ द्या. ती चिप बनवणाऱ्या बॉब यॅनिस यांना कॉम्प्युटरचा बीप काढायचा नव्हता, सिंथेसायझर करायचा होता. तीन आवाज, प्रत्येकाला चार प्रकारच्या लहरी, प्रत्येकाचा चढ-उतार वेगळा ठरवता येणारा, आणि शेवटी एक अ‍ॅनालॉग फिल्टर. त्या फिल्टरचे कपॅसिटर चिपेच्या बाहेर बोर्डवर आहेत, आणि ६५८१ या क्रमांकाच्या, म्हणजे मूळ सिडच्या, कुठल्याही दोन चिपांचे फिल्टर क्वचितच सारखे वाजतात. माझ्या बाकावर आलेल्या यंत्रांत एकच धून लावली की हा फरक साध्या कानांनाही ऐकू येतो. आणखी एक मजा : आवाजाची पातळी बदलली की ६५८१ मधून बारीक टिकटिक यायची. लोकांनी ती पातळी भराभर बदलून त्या टिकटिकीतून ढोल आणि माणसाचा आवाज वाजवले. सिडच्या पुढच्या ८५८० या आवृत्तीत टिकटिक जवळजवळ गेली, तर ते जुने ढोलही बारीक आवाजात वाजू लागले! यॅनिस पुढे एन्सोनिक या सिंथेसायझर बनवणाऱ्या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक झाले. ते सिडमध्येच दिसत होतं, असं मला वाटतं.

प्रश्न : एवढे फायदे होते तर सगळ्याच कंपन्यांनी अशा चिपा का नाही वापरल्या?

उत्तर : कारण बोर्डवरची चूक तार लावून सुधारता येते, चिपेतली येत नाही. स्पेक्ट्रमच्या अगदी पहिल्या खेपेत यूएलएतल्या चुकीवर उपाय म्हणून एक छोटी चिप पालथी करून तारांनी जोडलेली आढळते. संग्राहक तिला मेलेलं झुरळ म्हणतात. तेवढ्यावर निभावलं म्हणून ठीक.

एकॉर्न कंपनीच्या इलेक्ट्रॉन या यंत्रावर याहून मोठं संकट आलं. त्यांच्या आधीच्या बीबीसी मायक्रो या यंत्रात दोन यूएलए होत्याच, एक चित्राची आणि एक टेपची. १९८३ मध्ये १९९ पौंडांचं स्वस्त यंत्र काढताना त्यांनी जवळपास सगळं लॉजिक एका मोठ्या यूएलएमध्ये कोंबलं. फेरांतीकडून तेव्हा बनणाऱ्या यूएलएंच्या मानाने ती फार मोठी होती, आणि चालणारे नग पुरेसे निघेनात. नाताळच्या हंगामात मागणी होती आणि यंत्रं नव्हती. ती आली तोवर १९८४ मध्ये बाजार थंडावला होता. एका चिपेवर सगळं अवलंबून असलं की ती एक चिप येईपर्यंत कारखान्यातलं बाकी सगळं सामान पडून राहतं. शिवाय खर्च वाचवायला रॅमच्या चारच चिपा घातल्या, त्यामुळे एक बाइट दोन खेपांत वाचावा लागे. बीबीसी मायक्रोमध्ये रॅम इतकी वेगवान होती की प्रोसेसर आणि चित्र एकमेकांना आडवे येत नसत. इलेक्ट्रॉनमध्ये रॅमला हात लावताच प्रोसेसर अर्ध्या वेगावर येतो, आणि जास्त तपशिलाच्या चित्रांत त्याहून हळू. प्रोसेसर मात्र दोन्हींत ६५०२ च.

उलट टोकाचं उदाहरण ज्युपिटर एस या यंत्राचं. स्पेक्ट्रमचं हार्डवेअर करणारे ऑल्टवॉसर आणि त्याचं बेसिक लिहिणारे स्टीव्हन व्हिकर्स यांनीच बाहेर पडून १९८२ मध्ये ते काढलं, ८९.९५ पौंडांना, आणि त्यात यूएलए नाही, साध्या लॉजिक चिपा आहेत. यूएलएची ताकद ज्यांना सगळ्यांत चांगली ठाऊक होती त्यांचंच हे यंत्र. छोट्या कंपनीला हा मार्ग सुरक्षित होता, पण यंत्र काळं-पांढरंच राहिलं. माझा कल विचाराल तर मोठ्या संख्येने यंत्रं विकायची खात्री असेल तरच खास चिप, नाहीतर साधं लॉजिक. आजही नवीन अभियंत्यांना मी हेच सांगते.

प्रश्न : घरात जुना अठ्ठेचाळीस किलोबाइटचा स्पेक्ट्रम आहे. चालू केला की पडद्यावर नुसत्या रंगीत चौकोनांचा कचरा येतो. दुकानदार म्हणाला यूएलए गेली, आता उपयोग नाही. खरंच टाकून द्यायचा का?

उत्तर : कृपा करून टाकू नका. तुम्ही सांगताय त्या लक्षणावरून यूएलए बहुधा जिवंत आहे. पडद्यावर स्थिर चित्र आहे, म्हणजे टीव्हीला लागणारा ताल ती देतेय, आणि चौकोन दिसतात म्हणजे रॅममधून वाचतेही आहे. तिला वाचायला मिळतंय तेच चुकीचं आहे, एवढाच याचा अर्थ.

आधी वीजपुरवठा तपासा. खालच्या रॅमच्या चिपांना (त्यांचा क्रमांक ४११६) तीन वेगवेगळे व्होल्टेज लागतात : पाच, बारा आणि उणे पाच. उणे पाच बंद पडून बाकीचे चालू राहिले तर या चिपा मरतात. म्हणून मोजल्याशिवाय यंत्र फार वेळ चालू ठेवू नका, आणि तीनही व्होल्टेज नीट होईपर्यंत नवी रॅम घालू नका, नाहीतर तीही जाईल. बारा आणि उणे पाच बोर्डवरच्याच छोट्या सर्किटमधून तयार होतात, त्यातला ट्रान्झिस्टर हा नेहमीचा दोषी.

मग ऑसिलोस्कोप (विजेचे चढ-उतार पडद्यावर दाखवणारं उपकरण) मिळाला तर प्रोसेसरचा सहावा पाय बघा, तिथे यूएलएने दिलेलं ३.५ मेगाहर्ट्झचं घड्याळ हवं. सोळाव्या पायावर दर वीस मिलिसेकंदांनी एक लहानसा खड्डा हवा, ती यूएलएची हाक. दोन्ही दिसले तर यूएलएवरचा संशय बऱ्यापैकी काढून टाका आणि रॅमकडे वळा. १४ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल चालत असून घड्याळ नाही, असं झालं तरच तिच्याकडे बोट दाखवा. तीही आधी सॉकेटमधून हळूच काढून, पाय पुसून, परत बसवून पाहा. काढताना खाच कुठल्या बाजूला होती त्याचा फोटो घ्या, उलटी बसली तर ती नक्कीच जाईल. हाताला चटका बसेल इतकी गरम लागली तर घाबरू नका. फेरांतीची ही जात गरमच चालते. वर उष्णता ओढून घेणारा छोटा ॲल्युमिनियमचा हीटसिंक चिकटवला तर तिचं आयुष्य वाढेल.

आणि खरोखरच गेली असली तरी रस्ता बंद नाही. या चिपेत धातूचा थर एकच आहे. जाणकारांनी तिचं आवरण काढून, सूक्ष्मदर्शकाखाली फोटो घेऊन एकेक रेघ वाचली आणि आतलं लॉजिक पुन्हा कागदावर आणलं. त्या अभ्यासामुळे आज प्रोग्रामेबल चिपेवर तेच लॉजिक भरून, त्याच चाळीस पायांच्या सॉकेटमध्ये बसणाऱ्या पर्यायी यूएलए मिळतात. घेताना तुमच्या बोर्डचा इश्यू क्रमांक त्यावर छापलेला पाहा आणि तो विक्रेत्याला कळवा, कारण यूएलएच्या तीन आवृत्त्या आहेत आणि पहिल्या बोर्डांना काही वेगळे बदल लागतात. मोजलेले तीनही व्होल्टेज मला लिहून पाठवलेत तर रॅमच्या आठ चिपांपैकी कुठली गेली ते पडद्याच्या फोटोवरून ओळखायला मदत करेन.